कार्टमध्ये घातलेली फाइल कोणाची?

अमेरिकेतल्या बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने १९०४ साली ‘द कास्टअवे’ नावाची कादंबरी बाजारात आणली. प्रताधिकाराच्या नोंदीखाली तिने एक सूचना छापली होती. पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर आहे, त्याहून कमी किमतीला ते विकण्याचा परवाना कोणाही दुकानदाराला नाही, आणि कोणी तसे विकलेच तर तो प्रताधिकाराचा भंग समजला जाईल, असा तिचा आशय होता. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाचे मालक स्ट्राउस बंधू यांनी ही सूचना वाचूनही कादंबरी ८९ सेंटला विकायला काढली. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली त्याचा निकाल लागला. प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढच्या विक्रीवरचा प्रकाशकाचा अंमल संपतो आणि सूचना छापून तो वाढवता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्याच वर्षी हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात आले. आपल्या प्रताधिकार कायद्यातही, एकदा वितरणात आलेल्या पुस्तकाच्या प्रतीला लेखक-प्रकाशकाचा वितरणाचा हक्क लागू होत नाही. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तके विकली जातात, मुंबईत फाउंटनच्या पदपथावर कादंबऱ्यांचे ढीग लागतात, गावोगावची वाचनालये चालतात, ती सगळी या एका तत्त्वाच्या आधारावर.

इंटरनेटवरून गाणी, पुस्तके, सॉफ्टवेअर आणि खेळ यांच्या फाइली विकण्याचा जो तीस वर्षांचा इतिहास आहे, तो सहसा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मोडेमचा वेग वाढला, एमपी३ आले, कार्डाने पैसे भरणे सुरक्षित झाले आणि विक्री वाढत गेली, असा तो क्रम. हे सगळे खरे आहे, पण माझ्या मते त्यातली सर्वांत महत्त्वाची घडामोड वेगळी आहे. ऑनलाइन दुकानाने खऱ्या दुकानाचे सारे रूप उचलले. मांडणी आली, किंमत आली, सामान भरायची कार्ट आली, बिल आले. दुकानातला व्यवहार ज्या क्षणी पुरा होतो, म्हणजे वस्तू विकणाऱ्याची न राहता घेणाऱ्याची होते, तो क्षण मात्र त्याने वगळला. १९०८ साली प्रकाशकाला जे पुस्तकात छापून साधले नव्हते, ते नव्वद वर्षांनंतर ‘अटी मान्य आहेत’ या एका चौकटीने साधले. तंत्रज्ञानामुळे हे होणारच होते, असे म्हणणे मला मान्य नाही. तो विक्रेत्यांनी निवडलेला मार्ग होता आणि त्याच काळात दुसऱ्या मार्गाने जाऊन धंदा करणारेही होते.

कार्टचा जन्म १९९४ सालचा. वेबचा मूळ नियम असा की ब्राउझरने एक पान मागितले, सर्व्हरने ते दिले, आणि देऊन झाल्यावर कोणाला दिले हे सर्व्हर विसरला. वाचनासाठी हे पुरेसे होते, दुकानासाठी नव्हते. गिऱ्हाइकाने एका पानावर एक वस्तू निवडली आणि दुसऱ्या पानावर दुसरी, तर दोन्ही निवडी एकाच माणसाच्या आहेत हे दुकानाला कळायलाच मार्ग नव्हता. एमसीआय या दूरध्वनी कंपनीला ऑनलाइन दुकान काढायचे होते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी आपल्या यंत्रावर साठवायची तिची तयारी नव्हती. ही अडचण ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीकडे आली. तिथला तरुण अभियंता लू मोंटुली याने उपाय काढला, की सर्व्हरने एक छोटी खूणचिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवावी आणि ब्राउझरने दर फेरीला ती परत दाखवावी. हीच कुकी. आज जाहिरातदार माणसाच्या मागावर राहण्यासाठी जे साधन वापरतात ते मुळात खरेदीची कार्ट लक्षात ठेवण्यासाठी घडले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या नेटमार्केट या छोट्या कंपनीने स्टिंग या गायकाची सीडी कार्डाचा क्रमांक कूटबद्ध करून विकली, आणि वेबवरच्या सुरक्षित किरकोळ विक्रीचा प्रारंभ म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती सीडी टपालाने घरी गेली आणि घेणाऱ्याच्या मालकीची झाली. कार्ट नवी होती, व्यवहार जुनाच होता. या कार्टवरच मालकी सांगणारी पेटंटेही निघाली. ओपन मार्केट या कंपनीने १९९४ साली अर्ज केलेली पेटंटे पुढे सोव्हरेन नावाच्या कंपनीच्या हाती गेली. तिने दावा लावल्यावर ॲमेझॉनने २००५ साली चार कोटी डॉलर देऊन तो मिटवला. न्यूएग या दुकानाने मात्र लढा सोडला नाही आणि २०१३ साली अपिलात ते दावे रद्द करून घेतले.

सीडी आणि फाइल एकाच कार्टमधून विकल्या जात असल्या तरी आत घडते ते फार वेगळे. सीडीची विक्री झाली की गोदामातला आकडा एकाने कमी होतो. फाइल विकली तर काहीच कमी होत नाही. पैसे भरल्याची खबर पेमेंट गेटवेकडून आली की दुकानाचे सॉफ्टवेअर ऑर्डरची नोंद करते आणि फक्त त्या ऑर्डरपुरता एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही असा दुवा तयार करून ई-मेलने पाठवते. जगभरातले लहान दुकानदार वापरतात त्या वूकॉमर्समध्ये, डाउनलोड होणारी वस्तू मांडताना दुकानदारापुढे दोन रिकामे चौकोन येतात. एकात दुवा किती वेळा वापरता येईल तो आकडा भरायचा, दुसऱ्यात किती दिवसांनी दुवा बंद होईल तो. दोन्ही रिकामे ठेवले तर कसलीच मर्यादा नाही. आणि आकडे भरले तरी ती मर्यादा फक्त दुव्याची असते. फाइल एकदा गिऱ्हाइकाच्या संगणकावर उतरली की दुकानदाराचा हात तिथवर पोचत नाही. भरतकामाचे नमुने, अक्षरांचे टंक, पाककृतींची किंवा अभ्यासाची पीडीएफ पुस्तके विकणारे हजारो लोक असाच धंदा करतात आणि तो धंदा खऱ्या अर्थाने विक्रीचा आहे. म्हणजे फाइल आहे म्हणून ती विकता येत नाही, फक्त वापरायला देता येते, हे म्हणणे या दोन चौकोनांपाशीच खोटे ठरते. हात पोचता राहावा असे वाटत असेल तर विक्रेत्याला त्यासाठी वेगळे कुलूप मुद्दाम घडवावे लागते.

असे कुलूप न घडवता फाइली विकण्याची परंपरा कार्टपेक्षाही जुनी आहे. जिम नॉफ यांनी १९८२ साली ‘पीसी-फाइल’ हे नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर लोकांना मोकळेपणाने वाटले आणि आवडले तर पैसे पाठवा अशी विनंती त्यातच घातली. थोड्याच वर्षांत मिळकत एवढी वाढली की त्यांनी आयबीएममधली नोकरी सोडली. त्याच वर्षी अँड्रयू फ्लूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ याच रीतीने दिले आणि शेअरवेअर नावाचा एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. वेबवर कार्ट आली त्याच वर्षी फर्स्ट व्हर्च्युअल या कंपनीने याच विश्वासावर पैसे घेण्याची यंत्रणा बांधली. ई-मेलला फाइल जोडण्याची पद्धत ठरवणाऱ्यांपैकी एक असलेले नॅथॅनिएल बोरेनस्टाइन हे तिच्या संस्थापकांत होते. इथे गिऱ्हाइकाने कार्डाचा क्रमांक एकदाच फोनवरून द्यायचा, नेटवर कधीच नाही. मग आधी माहिती उतरवून घ्यायची आणि नंतर येणाऱ्या ई-मेलला तीनपैकी एक उत्तर द्यायचे: होय, नाही, किंवा ही खरेदी माझी नव्हे. ‘नाही’ म्हणणाऱ्याकडून पैसे घेतले जात नसत. वारंवार फाइली घेऊन ‘नाही’ म्हणणाऱ्याचे खाते मात्र बंद होई. या रचनेमागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. फाइलची आणखी एक प्रत काढायला विक्रेत्याला खर्च येत नाही, त्यामुळे न आवडलेल्या फाइलचे पैसे न घेतल्याने त्याचे नुकसान नाही, असा सरळ हिशोब त्यांनी मांडला होता. ही पद्धत टिकली नाही. नेटस्केपच्या कूटबद्ध जोडणीमुळे कार्डाचा क्रमांक सरळ पानावर भरणे सोपे झाले, आणि १९९८ पर्यंत कंपनी या धंद्यातून बाहेर पडली.

विश्वासाच्या मार्गावर जे अपयश आले तेही लपवता कामा नये. स्टीफन किंग यांची ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा मार्च २००० मध्ये अडीच डॉलरला केवळ डाउनलोडच्या रूपात निघाली आणि पहिल्या चोवीस तासांतच चार लाखांहून अधिक मागण्या आल्या. तिला कुलूप होते आणि ते काही दिवसांतच फोडले गेले. त्याच वर्षी जुलैत किंग यांनी ‘द प्लांट’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने, विनाकुलूप, दर हप्त्याला एक डॉलर या दराने द्यायला सुरुवात केली. उतरवून घेणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी पैसे दिले तर पुढे लिहीन, अशी अट होती. पहिल्या हप्त्याला ती पुरी झाली, पुढे पैसे देणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याखाली घसरले आणि सहाव्या हप्त्यानंतर डिसेंबरात कादंबरी अर्धवट थांबली. लोक प्रामाणिक नसतात याचा पुरावा म्हणून ही घटना सांगितली जाते. पण किंग यांनी हिशोब जाहीर केला तेव्हा खर्च वजा जाता चार लाख डॉलरहून अधिक नफा दिसत होता, आणि एकाच वाचकाने तीच फाइल दोनदा उतरवली तरी दुसरी फेरी पैसे न देणाऱ्यांत मोजली जात होती. टक्केवारीची अट घातली नसती तर हाच प्रयोग यशस्वी म्हणून नोंदला गेला असता.

कुलपाचा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालून दाखवला तो ॲपलने. त्याआधी १९९७ साली ड्युरन ड्युरन या वाद्यवृंदाचे एक गाणे कॅपिटल कंपनीने ९९ सेंटला डाउनलोड म्हणून विकले होते, कुलूपबंद स्वरूपातच. मग १९९९ साली गाण्यांच्या फाइली आपसांत वाटून घेण्याची सोय देणारे नॅपस्टर आले आणि गाणी फुकट वाहू लागली. २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले तेव्हा त्यात पाचही मोठ्या संगीत कंपन्यांची मिळून सुमारे दोन लाख गाणी होती, प्रत्येकी ९९ सेंट. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली, तीही फक्त मॅक वापरणाऱ्यांना. लोक पैसे द्यायला तयार आहेत हे या आकड्याने निर्विवाद सिद्ध केले, आणि त्याचे श्रेय ॲपलला द्यायलाच हवे. पण विकलेले प्रत्येक गाणे फेअरप्ले नावाच्या कुलपात होते. सुरुवातीला ते तीन संगणकांवर चाले आणि गाण्यांची एक यादी दहा वेळा सीडीवर उतरवता येई. वर्षभराने, एप्रिल २००४ मध्ये, नवी आवृत्ती आली. तिच्यात संगणकांची संख्या पाच झाली आणि सीडीची मर्यादा दहावरून सातवर आली. एक सवलत वाढली, एक घटली, म्हणून फारशी ओरड झाली नाही. मला मात्र या लहानशा बदलात सगळा प्रश्न उघडा पडलेला दिसतो. ज्याने गेल्या वर्षी पैसे मोजून गाणे घेतले, त्याच्या गाण्याच्या अटी विकणाऱ्याने या वर्षी परस्पर बदलल्या. मेसीजमधून कादंबरी नेणाऱ्याच्या घरी जाऊन प्रकाशकाने पुस्तकातली सूचना खोडून नवी लिहावी, तसे हे झाले.

पुढच्या काही वर्षांत या रचनेचे परिणाम एकापाठोपाठ एक दिसले. मायक्रोसॉफ्टने आपले एमएसएन म्युझिक दुकान बंद केले होते. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांना कळवले की ऑगस्टनंतर गाण्यांच्या नव्या किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे संगणक बदलला की पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी होणार. आरडाओरडा झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली गेली. याहूचे संगीत दुकानही त्याच वर्षी बंद झाले आणि तिथे भरपाईची वेळ आली. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडल या वाचनयंत्रातून जॉर्ज ऑरवेल यांची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके दूरवरून पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत केले गेले. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी पुस्तकावर टिपणे काढली होती, त्यांचा पुस्तकाशी असलेला दुवाच तुटला आणि ती निरुपयोगी झाली. त्याने दावा लावला. दीड लाख डॉलरवर तडजोड झाली आणि पुढे असे न करण्याची हमी, काही अपवाद ठेवून, ॲमेझॉनने दिली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा जुलै २०१९ मध्ये गिऱ्हाइकांची विकत घेतलेली पुस्तके नाहीशी झाली. किंमत परत मिळाली, आणि ज्यांनी पुस्तकांत खुणा किंवा टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर मिळाले. कंपनी इथे उदारपणे वागली, हे नाकारता येत नाही. तरीही वाचकाने समासात लिहिलेले जाऊ शकते आणि त्याची किंमत विक्रेता ठरवतो, ही स्थिती कोणत्याही कागदी पुस्तकाच्या गिऱ्हाइकावर कधी आली नव्हती.

हे सगळे कुलपाशिवाय टळले असते का, आणि कुलपाशिवाय धंदा झाला असता का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खुद्द ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी फेब्रुवारी २००७ मधल्या आपल्या जाहीर टिपणात दिले. २००६ साली दुकानांतून दोन अब्जांहून कमी गाणी कुलपासह डाउनलोड म्हणून विकली गेली आणि त्याच वर्षी त्याच कंपन्यांनी वीस अब्जांहून अधिक गाणी सीडीवर कसलेही कुलूप न लावता विकली, असा हिशोब त्यांनी मांडला. ज्या गाण्याची उघडी प्रत सीडीवर दहापट खपते त्याला डाउनलोडमध्ये कुलूप घालून चोरी कशी थांबणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. एप्रिलमध्ये ईएमआय ही संगीत कंपनी कुलूप काढायला तयार झाली, सप्टेंबरात ॲमेझॉनने साध्या एमपी३ फाइलींचे दुकान काढले, आणि २००९ च्या जानेवारीत आयट्यून्समधली सगळी गाणी कुलूपमुक्त करण्याचे जाहीर झाले. मात्र ज्यांनी आधी गाणी घेतली होती त्यांना कुलूप काढून घेण्यासाठी दर गाण्यामागे ३० सेंट मोजावे लागले. संगीताचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये आयट्यून्सने दहा अब्जावे गाणे विकले. पुस्तकांत टॉर या विज्ञानकथा छापणाऱ्या संस्थेने २०१२ साली ई-पुस्तकांवरचे कुलूप काढले आणि वर्षभराने सांगितले की चोरीत लक्षात येण्याजोगी वाढ झालेली नाही. खेळांमध्ये पोलंडची जीओजी २००८ पासून विनाकुलूप खेळ विकते आहे. बँडकँप या संकेतस्थळावर त्याच वर्षापासून गायक थेट श्रोत्याला फाइल देतात.

आता सर्वांत भक्कम आक्षेप घेऊ. कागदी पुस्तक जुने होते, पाने पिवळी पडतात, ते एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला श्रम लागतात, म्हणून जुन्याची विक्री नव्याच्या मुळावर येत नाही. फाइल कधी जुनी होत नाही. वापरलेली आणि नवी यांत तसूभर फरक नसतो आणि ती क्षणात जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते. अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने २००१ सालच्या अहवालात हाच मुद्दा मांडून १९०८ चे तत्त्व फाइलींना लावायला नकार दिला. पुढे रीडिजी नावाच्या कंपनीने आयट्यून्समधून घेतलेली गाणी मूळ संगणकावरून काढून नव्या गिऱ्हाइकाला विकण्याचा बाजार २०११ साली भरवला, तेव्हा २०१३ साली आणि पुन्हा अपिलात २०१८ साली न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, कारण फाइल हलवायची म्हणजे नवी प्रत काढावीच लागते. युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली सॉफ्टवेअरच्या बाबतीत उलट निकाल दिला आणि कायमच्या वापरासाठी पैसे देऊन उतरवलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते असे म्हटले, पण २०१९ साली ई-पुस्तकांना तो लागू करायचे नाकारले. या आक्षेपात तथ्य आहे आणि फेरविक्रीपुरता तो मी मान्य करतो. लेखक-गायकाची मिळकत एका कधीच न झिजणाऱ्या प्रतीच्या अनंत फेऱ्यांत वाहून जावी असे मला वाटत नाही. परंतु मालकी म्हणजे नुसता पुन्हा विकण्याचा हक्क नव्हे. घेतलेले माझ्याकडून काढून घेतले जाणार नाही, दुकान बंद पडले तरी ते वाचता येईल, माझ्या पश्चात माझ्या मुलांना ते उघडता येईल, या गोष्टींनी विक्रेत्याच्या खपाला कसलाही धक्का लागत नाही. न झिजणाऱ्या प्रतीचा युक्तिवाद या हक्कांवर चालतच नाही, आणि तरी फेरविक्रीबरोबर तेही गेले.

दुसरा आक्षेप कराराचा. गिऱ्हाइकाने अटींना होकार दिला होता, किंमतही छापील प्रतीपेक्षा कमी होती, मग तक्रार कसली? होकार दिला हे खरे, पण बॉब्स-मेरिलची सूचनाही स्ट्राउस बंधूंनी वाचलेली होती, आणि न्यायालयाने विचार केला तो विक्री झाली की नाही याचा. गिऱ्हाइकाच्या मनात काय असते हे अमेरिकेतल्या दोन कायदेपंडितांनी, ॲरन पर्झानोव्स्की आणि ख्रिस हूफनेगल यांनी, एक बनावट दुकान मांडून तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खरेदी करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना घेतलेली फाइल आपल्या मालकीची झाली असेच वाटत होते. किंमत कमी आहे ती हक्क कमी आहेत म्हणून, असे असेल तर ते किमतीशेजारी सांगायला हवे होते. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेमका हाच कायदा केला आणि तो २०२५ च्या आरंभापासून लागू झाला. खरेदी म्हणून विकायचे आणि परवाना द्यायचा, असे असेल तर ते गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगा, असे तो सांगतो. जो विक्रेता कायमची उतरवून ठेवता येईल अशी फाइल देतो त्याला ही सक्ती नाही. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या सर्वांत मोठ्या दुकानाच्या कार्टमध्ये तुम्ही परवाना घेत आहात अशी ओळ दिसू लागली. स्टीम २००३ पासून चालू आहे. ही ओळ यायला एकवीस वर्षे लागली. आता सगळे जग महिन्याच्या वर्गणीवर गाणी ऐकते, फाइल कोणाची हा प्रश्नच शिळा झाला, असेही म्हटले जाते. वर्गणी देणाऱ्याला आपण भाड्याने ऐकतो आहोत हे माहीत असते, त्यामुळे त्या व्यवहाराबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पुस्तके आणि खेळ आजही ‘विकले’ जातात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोयही काढून टाकली.

भारतात हा इतिहास थोडक्यात आणि उशिरा घडला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. गैरव्यवहार रोखायला ते योग्यच होते, पण सहा-आठ रुपयांच्या गाण्यासाठी तेवढे सोपस्कार करायला कोण बसणार? फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे दुकान काढून साध्या, विनाकुलूप एमपी३ फाइली विकायला सुरुवात केली आणि २०१३ च्या मध्यावर ते बंद केले. चोरीची गाणी आणि लहान रकमा सहज भरण्याची सोय नसणे, या दोन अडचणी कंपनीने सांगितल्या. तालुक्याच्या गावीसुद्धा मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळत होते. लोक पैसे देतच होते, ते गायकापर्यंत पोचत नव्हते, एवढेच. यूपीआय आल्यावर लहान रकमेची अडचण उरली नाही, पण तोवर गाण्यांचा बाजार वर्गणीकडे वळला होता. फ्लाइटबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. दुकान गेले तरी तिथून उतरवलेले गाणे आजही वाजते, कारण ते विकले गेले होते. मराठी ई-पुस्तकांचा मोठा हिस्सा पुण्याच्या बुकगंगावर आणि, डिसेंबर २०१६ पासून मराठीची सोय झाल्यावर, किंडलवर आहे. दोन्हीकडे ई-पुस्तक वाचायचे ते त्या त्या दुकानाच्या वाचन-ॲपमधून किंवा यंत्रातून. मराठी वाचकाच्या आजोबांचा ग्रंथसंग्रह जसा नातवाकडे आला, तसा त्याचा स्वतःचा ई-संग्रह पुढे जाईल याची व्यवस्था मला आज दिसत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला एकदा, कराच्या निमित्ताने, थेट स्पर्श केला आहे. परदेशी सॉफ्टवेअर घेताना भारतीय गिऱ्हाइक जे पैसे देतो ते प्रताधिकार वापरण्याचे स्वामित्वशुल्क आहे, म्हणून त्यावर इथे कर कापला पाहिजे, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. गिऱ्हाइकाला प्रताधिकारातले काहीच मिळत नाही, तो फक्त एक प्रत विकत घेतो, असे कंपन्यांनी मांडले. मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनॅलिसिस खटल्यात न्यायालयाने कंपन्यांचे म्हणणे उचलून धरले. अटींच्या करारात परवाना असे लिहिले असले तरी व्यवहाराचे खरे स्वरूप पाहायला हवे, आणि ते प्रतीच्या विक्रीचे आहे, असा त्या निकालाचा गाभा. कर भरताना जो व्यवहार विक्री ठरला तोच गिऱ्हाइकासमोर परवाना ठरावा, याला मला कोणताही न्याय्य आधार दिसत नाही. २०२० च्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांत डिजिटल वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि होकाराची चौकट आधीच खूण करून ठेवता येणार नाही असेही त्यांत म्हटले आहे. त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी घालता येतील. फाइल उतरवून कायम ठेवता येणार आहे की नाही, हे पैसे भरायच्या बटणाशेजारी, गिऱ्हाइकाने निवडलेल्या भाषेत लिहिलेले असावे. आणि दुकान बंद करणाऱ्या किंवा माल मागे घेणाऱ्या विक्रेत्याने, विकलेल्या प्रत्येक फाइलची उघडी प्रत उतरवून घ्यायला ठराविक मुदत द्यावी, ते शक्य नसेल तर पूर्ण किंमत परत करावी.